नव्या भाताचा पहिला घास

घरात नव्या तांदळाचा भात शिजायला लागला की माझी भूकच मरते.

दहाएक वर्षं झाली. तेव्हा मी तलासरीकडच्या एका पाड्यावर ख्रिस्ताचा प्रचार करायला जायचो. तिथल्या लाडकीमावशीने नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. तिने माझ्यासाठी नवा भात रांधला, पण वाढताना घुटमळली.

"पास्टर, गावदेवाला दाखवल्याशिवाय पाड्यात कुणी नवं खात नाय."

दारात तिची जाऊ लेकराला कडेवर घेऊन उभी होती.

"आता तुला कसली भीती?" म्हणत मी पहिला घास घेतला, मग तिलाही घ्यायला लावला. भात गोड होता, त्याला चुलीच्या धुराचा वास होता. जाऊ दारातूनच माघारी फिरली. मला तो विजय वाटला. डहाणूला परतताना एसटीत मी गाणं गुणगुणत होतो.

पुढच्या लावणीला तिच्या शेतात पाड्यातलं कुणीच आलं नाही. एकमेकांकडे राबल्याशिवाय तिथे कुणाचीच लावणी उरकत नाही. मी गेलो तेव्हा ती एकटीच चिखलात वाकलेली होती. चपला न काढताच बांधावरून मी म्हणालो, "मावशी, प्रार्थना करू या."

तिने मान वर केली नाही.

"तुम्ही करा. माझी अजून दोन खाचरं राहिलीत."