अमृता मॅडमनी स्वतःची मान पुढं केली

काल अमृता मॅडम गेल्या. लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. जायचं वय नव्हतं.

मी एमबीबीएसच्या थर्ड इयरला होतो, तेव्हा त्या आमच्या वॉर्डात मेडिसिनच्या रेसिडेंट, एमडी करणाऱ्या डॉक्टर.
मूळच्या हुपरीच्या. घरी पैंजणांचं काम. बोलणं खणखणीत.

प्रोफेसर राऊंड घेऊन गेले की आम्ही कँटीनकडं सटकायचो. मॅडम दारातच अडवायच्या.

"कुठं निघालासा? पेशंट हिकडं हाईत की!"

त्यांचा स्वतःचा नाश्ता झालेला नसायचा. तरी शिकवत उभ्या.

हात लावायच्या आधी पेशंटला विचारायचं. थंडीत तळवे चोळून गरम करायचे. हे कुठल्या लेक्चरला नव्हतं.

मग काही दिवस त्या दिसल्याच नाहीत.
ताप हटत नाही म्हणून वॉर्डशेजारच्याच खोलीत अ‍ॅडमिट होत्या.

भेटायला गेलो, पण दारातच थबकलो.

"आत ये की. हिस्टरी घे माझी."

घेतली. ताप, घाम, उतरलेलं वजन.

त्यांनी ओढणी बाजूला केली, मान वळवली. "तपास."

मी तळवे चोळले आणि बोटांची टोकं मानेतल्या गाठीवर टेकवली.

"टोचू नगंस. बोटं सपाट ठेव. रबरासारखी लागती?"

"हो मॅडम."

"मग? काय वाटतंय?"

मी गप्प.

"तू गप्प बसलास की पेशंटला कळत न्हाय व्हय? बोल."

कसंबसं म्हणालो, "मॅडम, गाठ साधी वाटत नाही. बायोप्सी करावी लागेल. त्या दिवशी मी तुमच्यासोबत येतो."

त्या खिडकीकडं बघत राहिल्या. डोळे भरले होते.

"सोबत येतो म्हणालास, ते शेवटचं मी शिकवलं न्हवतं. तेवढं कधी सोडू नगंस."

बायोप्सीला गेलो सोबत. उपचार झाले, बऱ्या झाल्या, एमडी झाल्या. काही वर्षं छान गेली.
यंदा आजार उलटला.

आज हुपरीला त्यांच्या घरी गेलो. वडील बाहेरच बसले होते.

"कोण म्हणायचं, पावणं?"

"मॅडमचा विद्यार्थी."

ते गोंधळले. "आमची अमृता डॉक्टर हुती. मास्तरीण कवा झाली?"

त्यांचं काय चुकलं? रेसिडेंटला शिक्षक म्हणतं कोण? पण पेशंटशेजारी उभं राहायला आम्हाला त्यांनीच शिकवलं.

मग त्यांना सगळं सांगत बसलो. ऐकता ऐकता आई आतून येऊन उंबऱ्यावर टेकल्या.

"पयल्यापासनं सांग बाळा. मी आत हुतो."

पुन्हा सांगितलं.

मॅडम, आता विश्रांती घ्या. तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.