चेंडू दिला कोणी?

मार्लिस डोलेझल सामन्यांना माझ्या शेजारी बसते. तिची टेरिन आमच्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाची सेटर, म्हणजे चेंडू उचलून देणारी. माझी पोर राखीव बाकावर बसून टाळ्या वाजवते, तेव्हा जळायचा पहिला हक्क खरं तर माझा. पण जळण्यात मार्लिसचा हात कोण धरणार?

कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली आणि तिची झोपच उडाली. चेंडू द्यायची टेरिन, उडी मारून तो हाणायची शेल्बी, आणि करार सगळे शेल्बीला. मोटारवाल्याने तिला नवाकोरा ट्रक दिला. बँकेच्या दारात शेल्बी, बुटांच्या दुकानावर शेल्बी. मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, तर तिथल्या दुधाच्या खोक्यांवरही शेल्बीच हसत होती.

"दात दाखवते मेली नुसती," मार्लिस म्हणायची. "माझ्या पोरीने चेंडू दिला नाही तर हवेत माश्या मारणार आहे का?"

सामन्याआधी पार्किंगमध्ये आम्ही आया संघाला जेवू घालतो. मार्लिस चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल आणते. आमच्या नेब्रास्कात या दोन्हींची जोडी ठरलेलीच. ट्रेच्या मधला मऊ रोल टेरिनला, कडेचा कडक शेल्बीला. ती वेडी तोही मिटक्या मारत खायची. "काकू, भारी झालेत!" मार्लिसचा आणखीच जळफळाट.

एकदा शेल्बीने गुण मिळवला आणि मार्लिस उभी राहून किंचाळली, "चेंडू दिला कोणी?" मागची पोरं ओरडली, "टेरिन!" मग दर गुणाला तेच. पुढे सगळं सभागृह ओरडायला लागलं. टेरिन लाजायची, पण हसायची. मार्लिसची छाती फुगली.

आणि सॉसेजवाल्या गॅलनचा निरोप आला, करार करायचाय. मार्लिस टेरिनचा चांगला फोटो घेऊन गेली, मी सोबत होते.

"फोटो कशाला?" गॅलन म्हणाला. "खेळाडू पुष्कळ आहेत हो. मला तुम्ही पाहिजे. तो आवाज, तो चेहरा!"

आता ती उठेल असं मला वाटलं. तिने टेरिनचा फोटो पर्समध्ये ठेवला. मग केसांवरून हात फिरवत म्हणाली, "कोणत्या बाजूने काढणार फोटो?"

हायवेवर फलक लागला. सॉसेज हातात, तोंड उघडं, मार्लिस. मला असा राग आला की दोन दिवस तिचा फोन उचलला नाही. मलाही ओरडता येतंच की.

पुढच्या सामन्यात तिने नेहमीसारखं विचारलं, "चेंडू दिला कोणी?"

"मार्लिस!" पोरं ओरडली. सगळे हसले. ती पण हसली, हात हलवला. टेरिनने वर पाहिलं आणि पुढचा चेंडू जाळीत घातला.

त्यानंतरच्या सामन्याआधी मार्लिसने ट्रेच्या मधला मऊ रोल काढून टेरिनपुढे धरला. टेरिनने तो शेल्बीला दिला आणि स्वतः कडेचा घेतला.

"अगं, तिला काय देतेस?" मार्लिस फणकारली. "तिला काय कमी आहे?"

"आई, शेल्बीचं मला कधीच काही वाटलं नाही," टेरिन म्हणाली. "तुझा फलक दिसला की मात्र मी मान फिरवते."

आणि ती शेल्बीच्या ट्रकमध्ये जाऊन बसली.