तिचा झेंडू आणि वाटसरू

बायको ऑगस्टमध्ये वारली, इथेच, अमेरिकेत, फ्रिस्कोला, मुलाच्या घरी. मी रडलो नाही. मुलाने माझं परतीचं तिकीट कॅन्सल केलं, तेव्हाही नुसतं 'बरं' म्हणालो.

जूनमध्ये तिने मागच्या कुंपणाशी झेंडू लावला होता, दसऱ्याच्या तोरणासाठी. बी गावाहून रुमालात बांधून आणलेलं. ऑक्टोबरात तो फुलला. मला बघवेना असं काही नव्हतं. मला काहीच होत नव्हतं. पण रीत ती रीत. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, तोरण नाही. मग फुलं कशाला? मुलगा-सून कामावर गेल्यावर मी खुरपं घेऊन बसलो आणि अर्धी रांग उपटून कचऱ्याच्या पिशवीत भरली.

घाम पुसायला थांबलो तेव्हा दिसलं, उरलेल्या झाडांवर फुलपाखरं होती. फुलं नारिंगी आणि तीही नारिंगी, म्हणून आधी कळलं नव्हतं. पिशवीतून एक फूल बाहेर लोंबत होतं. त्यावरही एक सोंड घालून बसलेलं.

सून त्या दिवशी लवकर आली. पिशवी बघून दारातच थबकली.

"बाबा, हे काय केलंत?"

"यंदा सण नाही आपल्याला."

"सण नाही हो, पण ही मोनार्क फुलपाखरं आहेत. पार कॅनडाकडून येतात, मेक्सिकोला चाललीत. वाटेत खायला थांबतात." मग हळूच म्हणाली, "आणि आईंचं इथे दुसरं काय आहे?"

चूक झाली म्हणायची मला सवय नाही.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "मेक्सिकोला? व्हिसाचा शिक्का मारायला चालली असतील." त्याचे ऑफिसातले मित्र त्यासाठी पार भारतात जाण्याऐवजी तिकडे जात. कोणी हसलं नाही.

मी पिशवी ओढत कुंपणाशी नेली. चौथी शिकलेला माणूस मी, पण रोप लावायला शाळा लागत नाही. उपटलेली सगळी परत मातीत घातली. सुनेने पाण्याचा पाइप आणून दिला.

पुढे चार-पाच दिवस मी तिथेच खुर्ची टाकून बसलो. फुलपाखरं येत होती, पीत होती, पंख मिटून झाडांवर लटकत होती. मग उत्तरेकडून गार वारा सुटला आणि ती एकेक करून कुंपणावरून निघून गेली. थवाबिवा काही नाही.

"वाईट वाटतं ना, बाबा?" सुनेने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खरंच वाटत नव्हतं.

परत लावलेल्यांपैकी बहुतेक रोपांनी माना टाकल्या. दोन तगली. त्यांना आणि उरलेल्या रांगेला मी रोज पाणी घालायचो. दसऱ्याला शेजारच्या गल्लीतल्या एक मराठी बाई फुलं मागायला आल्या. मी दार पूर्ण उघडलंही नाही.

"ती तोडायची नाहीत," म्हणालो.