जिच्याशी कुणी बोलत नाही

तुळसा आमच्या खाडीकाठच्या गावात ब्लाउज शिवते. मशीन ओटीवर, दार रस्त्याकडे उघडं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती नावाने हाक मारते. हिला गप्प राहवत नाही, असं लोक हसून म्हणतात. का राहवत नाही, ते मी सांगतो.

ती लहान असताना तिच्या बापाने, गंगारामने, कोर्टात खरी साक्ष दिली. मारामारी मानकऱ्यांच्या माणसांनी केली होती. त्याने पाहिलं, त्याने सांगितलं. गावकी देवळात बसली आणि गंगारामचं घर वाळीत पडलं. तुळसा विहिरीवर आली की बायका कळशा उचलून बाजूला होत. शाळेत तिच्या शेजारी कुणी बसेना. शिमग्यात देवाची पालखी घरोघर नाचली आणि यांच्या अंगणाशी आल्यावर ढोल बंद करून पुढे नेली. आरतीचं ताट हातात घेऊन पोर उंबऱ्यात उभी. देवाला कुणी विचारलं होतं का? पुढे जुने मानकरी मेले, वाळ आपोआप विरली. माफी मात्र कुणी मागितली नाही.

मोठी झाल्यावर रत्नागिरीच्या वाचनालयातून तिने एक पुस्तक आणलं. रशियातल्या एका लेखिकेने सोव्हिएत काळातलं आपलं बालपण लिहिलं होतं. बापाला पकडून नेलं, देशाचा शत्रू ठरवलं. चाळीसारख्या घरात सगळ्यांचं स्वयंपाकघर एकच. शेजारणीने आपलं पातेलं यांच्या पातेल्यापासून लांब सरकवलं. शाळेत बाईंनी या मुलीलाच उभं करून वदवून घेतलं, 'माझा बाप शत्रू आहे.' तुळसा मला म्हणाली, "तिकडे बर्फ पडतं, एवढाच काय तो फरक."

हे सगळं आता आठवायचं कारण संदेश. त्याने मानकरी रामाकाकांच्या बेकायदा चिरेखाणीविरुद्ध तहसीलदारांकडे तक्रार केली. त्याचं घर वाळीत. त्याची मुलगी सानिका आठवीत. तिच्याशी वर्गात कुणी बोलत नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे म्हणे. असेल. तो एसटीने फाट्यापर्यंत येतो आणि तिथूनच परत जातो.

महिला दिनाला देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम झाला. रामाकाका अध्यक्ष, तुळसा त्या पुस्तकावर बोलणार होती. ते आधीच म्हणाले, "तुळशे, रशियाचं काय ते सांग. गावाचं नको."

"गावाचं कशाला सांगू, काका? ते तुम्हाला पाठ आहे."

तिने रशियाचंच सांगितलं. पातेल्याचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चिमाकाकी तर ओरडलीच, "मेल्यांनो, त्या पोरीनं काय केलंन होतं?"

रामाकाका मान हलवत म्हणाले, "असलं राज्य बुडलं ते बरंच झालं."

"मग काका, सानिका पायरीखाली उभी आहे. तिला आत बोलवा."

सानिका खरंच उभी होती, चपला घालूनच. आत येता येणार नाही, हे तिला माहीत होतं.

"ते सरकार होतं," रामाकाका म्हणाले. "हा गाव आहे."

"त्यांच्याकडे बंदुका होत्या हो. लोक जिवाला भिऊन तोंड फिरवत. तुम्हाला कुणाची भीती?"

कुणी उठलं नाही. त्या रशियन पोरीसाठी रडून ओले झालेले पदर अजून वाळले नव्हते, आणि दहा पावलांवरच्या पोरीला 'ये' म्हणायला एकीचीही जीभ उचलली नाही. मला त्या रडण्याची चीड आली. लांबच्या दुःखावर रडणं स्वस्त असतं.

दुसऱ्या दिवशी बायका तुळसाच्या ओटीवर आल्या. शिमग्यासाठी टाकलेली कापडं उचलली आणि न बोलता गेल्या. चिमाकाकीने तर अर्धवट शिवलेला ब्लाउजही नेला.

काम गेलं, तेव्हा तुळसा रत्नागिरीच्या दुकानांत शिवण मागायला निघाली. सकाळच्या एसटीत शाळेला निघालेली सानिका एकटीच बसली होती, शेजारची जागा रिकामी. तुळसा तिच्याजवळ जाऊन बसली.

"सरक गो. वाळीतल्या माणसांना ऐसपैस जागा मिळते, एवढं एक बरं आहे."

पोर हसली. मग दोघी बोलत सुटल्या. गणिताच्या बाई, बांगडे-सुरमईचा भाव, कुणाच्या कोंबडीला कुणाचा कुत्रा, सगळं मोठ्यांदा. अख्खी गाडी गप्प, आणि या दोघींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत.

"आणि चिमाकाकीच्या ब्लाउजाला एकच बाही लागलेय," तुळसा म्हणाली. "शिमग्याला देवाला एका हाताने ओवाळील बिचारी."

सानिका खिदळली. पुढच्या सीटवर चिमाकाकीच होती. हसू दाबताना तिचे खांदे हलले.

पण तिने मागे वळून पाहिलं नाही.