दार मी लावलं होतं

नागावात आमच्या वाडीमागच्या खोलीत गरम योगाचा वर्ग चालायचा. तो का बंद पडला, हे गावात कुणालाही विचारा. मुंबईहून आलेल्या मुलीने बायकांना कोंडून ठेवलं, जीव जायचे ते थोडक्यात वाचले, असंच सांगतील. तिने कुणाला कोंडलं नव्हतं. तिने दार उघडं ठेवलं होतं, ते मी लावलं.

मला व्यायामाचा पहिल्यापासून कंटाळा. शाळेत शिक्षक होतो तेव्हाही कवायतीचा तास मी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचो. निवृत्तीनंतर साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर मी बाजारापर्यंत चालत जाऊन रिक्षाने परत यायचो. बायकोचं तसं नव्हतं. तिचे गुडघे धरलेले असायचे आणि त्या खोलीतल्या उबेत ते सुटायचे. तासाभराने बाहेर यायची ती लालबुंद होऊन, चक्क पायऱ्या उतरायची. तिच्याच हट्टापायी मी जाऊ लागलो.

खोली आमचीच. पूर्वी तिथे सुपारी साठवायचो. पुढे कौलं काढून स्लॅब टाकला, पर्यटकांसाठी सरकत्या काचा बसवल्या. त्या मुलीने भाड्याने घेतल्यावर विजेचे हीटर लावले आणि काचांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, मे महिन्यात आमच्या परसात या. हेच सगळं फुकटात."

"अजून कवायत सुरू नाही झाली आणि मला घाम," मी म्हणालो.

"तो भीतीचा," बायको म्हणाली.

मी नेहमी दाराशी सतरंजी टाकायचो. एक पाय उचलून उभं राहायचं आलं की भिंत धरायचो. त्या बंद हवेत माझा श्वास अडायचा. सगळे डोळे मिटून पडले की मी दाराकडे बघत राहायचो.

थंडीतली ती सकाळ होती. लाइट गेली. तारेवर झावळी पडली होती, दुपारपर्यंत येणार नाही म्हणाले. वर्ग रद्द झाला म्हणून मी मनातून खूश झालो होतो, पण बायकोचा चेहरा उतरला. रात्रभर तिचे गुडघे ठणकले होते. तो चेहरा बघून मी बोललो, "शेगडी ठेवू या की."

आमच्याकडे बाळंतिणीची लोखंडी शेगडी होती. करवंट्या पेटवायच्या, धूर जाईपर्यंत अंगणात ठेवायची, मग निखारे लाल झाले की आत बाजेखाली सारायची. माझी आई, बहिणी, बायको, सगळ्या तिच्यावर शेकल्या होत्या. त्या शेगडीची भीती वाटावी असं आमच्या घरात कुणाला शिकवलंच नव्हतं.

मुलगी म्हणाली, "काका, बंद खोलीत निखारे नकोत."

"अगं, करवंटीच्या निखाऱ्याला धूर नसतो. तान्ही पोरं झोपायची शेजारी."

तिने बायकोकडे पाहिलं. "मग दार उघडं राहू दे," ती म्हणाली आणि स्वतः दाराला वीट लावली.

मी शेगडी आत नेऊन ठेवली. धूर खरंच नव्हता. थोड्या वेळाने माझं डोकं जड झालं. मला वाटलं, नेहमीचा कंटाळा. सगळ्यांचे डोळे मिटलेले बघून मी हळूच उठलो आणि बाहेर पडलो. जाताना मनात आलं, एवढी ऊब वाया जाते आहे, हिचे गुडघे कसे सुटणार? मी वीट बाजूला केली, दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीला गोणपाट सारून दिलं. पायाने नीट दाबलंसुद्धा.

ओटीवर चहा घेत बसलो. आतून त्या मुलीचा आवाज येत होता, श्वास घ्या, सोडा. मग तो सावकाश झाला. मग थांबला. मला वाटलं, शवासन चालू असेल. त्या आसनात अशीच शांतता असते, आणि मला तेवढं एकच आसन आवडायचं. मी दुसरा कप ओतून घेतला. वाडीत नारळ पडल्याचा आवाज आला तेव्हा मी दचकलो, कारण त्याखेरीज कसलाच आवाज नव्हता. शेवटी त्या सगळ्या मिळून ओंकार म्हणायच्या. तो येईना.

दार उघडलं तेव्हा ती मुलगी जमिनीवरून सरपटत दाराशी पोचली होती. वहिनी भिंतीला टेकून ओकत होत्या. बायको सतरंजीवर पडली होती, अगदी सांगितल्यासारखी, तळवे वर करून. गाल लाल होते. क्षणभर मला ती छान दिसली.

अलिबागला नेलं. सगळ्या वाचल्या. कौलांच्या घरात निखाऱ्यांचा विषारी वायू वरून निघून जातो, स्लॅबखाली तो कोंडतो, हे मला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

शेगडीबद्दल मी बोललो. जुन्या चालीची वस्तू म्हणून लोकांनी मला माफही केलं. दाराबद्दल नाही बोललो. ती मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, "मी वीट लावली होती." वहिनींच्या नवऱ्याने ओटीवर सगळ्यांसमोर मला विचारलं, "मास्तर, तुम्ही बाहेर पडलात तेव्हा दार उघडं होतं की बंद?"

मी म्हणालो, "लक्षात नाही."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत सामान बांधून गेली.

बायको आता विसरते. वयामुळे असेल, त्या सकाळमुळेही असेल, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. गॅस चालू करते आणि काडी शोधत हिंडते. मी वास घेत घरभर फिरतो.

परवा तिला सांगितलं. समोर बसून, सगळं, गोणपाटासकट. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, त्या पोरीला कळवा आधी."

काल संध्याकाळी वाडीत पाणी लावताना ती त्या खोलीपाशी थांबली. म्हणाली, "एवढी शहाणी मुलगी. तिने दार का बरं लावून घेतलं असेल?"

मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेवढाच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाली. आज सकाळी परत विचारलं, म्हणून हे लिहायला बसलो. याची एक प्रत त्या मुलीला जाईल. दुसरी वहिनींच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि त्यांच्या नवऱ्यासमोर वाचूनही दाखवणार आहे.