आनंदरावाच्या डफाचा तुरा

सानगडीच्या गोमाजीला देवाने आवाज भरपूर दिला आणि नम्रता द्यायची राहून गेली. खडी गंमत या गाण्या-नाचाच्या खेळात तो कलगीवाल्यांचा शाहीर. समोर विरुद्ध पक्षाचा, बपेऱ्याचा आनंदराव, तुरेवाला. दिवाळीनंतरच्या जत्रेत, म्हणजे मंडईत, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. आनंदरावाला जबाब अडला, तर त्याने डफाचा लाल तुरा सोडून गोमाजीच्या हाती द्यायचा. तो तुरा मिळवणे, एवढीच गोमाजीची जन्माची हाव.

"माह्या हातचं खाते अन् नाव बपेऱ्यावाल्याचं घेते हा मानूस!" बायको पुष्पाबाई शेजारणींना सांगायची.

गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्यानंतर गंमतीच्या पार्ट्याही एकेक करत मोडल्या. कुणाचा ढोलकीवाला डीजेच्या गाडीवर गेला, कुणाचा नाच्या साकोलीत मोबाइल विकू लागला. उरले हे दोन म्हातारे कोंबडे. आणि यंदा बातमी आली, की आनंदरावाला काही आठवेनासे झाले आहे.

गोमाजीने तडक बपेरा गाठला. आनंदरावाने बसल्या जागेवरूनच विचारले,

"काहून आला बे? तुरा न्याले?"

"तुरा मंडईत नेईन. आधी सवाल आयक." आणि शाहिरीची सगळी अब्रू गुंडाळून त्याने दुष्मनाला सवालाबरोबर जबाबही पढवला. सवालही असा निवडला, की बांधावरच्या बैलालाही जमावा.

मंडईच्या दिवशी डीजेवाले नाश्त्याला गेले, तेवढ्यात गंमत उभी राहिली. गोमाजीने तान घेतली, "पोट ना तोंड, तरी तळ्याबोडीचं पानी पिऊन उभा, सांग शाहिरा कोन तो?"

आनंदराव डफ धरून उभा. गोमाजी ओठांनीच सांगत होता, धान, धान! आनंदराव गोड हसला, त्याने सावकाश गाठ सोडली आणि तुरा पुढे केला.

"हारलो, शाहीर."

"अबे धान! धान म्हन ना!" गोमाजी माईकवरच ओरडला. माणसे पोट धरून हसली. सवालही याचाच, जबाबही याचाच! तेवढ्यात डीजेवाले हात पुसत परतले.

घरी गोमाजी तुरा मांडीवर घेऊन बसून राहिला.

"जितले ना? मंग तोंड काहून पाडलं? बांधा डफाले," पुष्पाबाई म्हणाली.

"बांधतो. पन आता सवाल कोनाले टाकू?"

ज्या बाईला जन्मात कधी जबाब अडला नव्हता, तिने चुलीत लाकूड सारले आणि धुराचे निमित्त करून तोंड फिरवले.