पत्रिकेवरची सोंड

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या भागातल्या पेंटर लोकांची चंगळ झाली. धानोऱ्यापासून पार सिरोंच्यापर्यंत जिथं जिथं 'जिल्हा चंद्रपूर' लिहिलेलं होतं, तिथं ते खरवडून 'जिल्हा गडचिरोली' लिहायचं होतं. मी नागपूरहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन नुकताच परतलो होतो. हाताला काम मिळालं तशी हिंमत वाढली आणि मूल गावी बसस्टँडजवळ खोली घेऊन मी दुकान थाटलं. पाटीवर 'डिझाइन' असा शब्द लिहिला. पहिले काही दिवस लोक त्याचा अर्थ विचारायलाच यायचे.

पाट्या बदलून संपल्या. एका जिल्ह्याचे दोन झाले होते, दोनाचे तीन काही कोणी करणार नव्हतं. मग उरली राइस मिलच्या पोत्यांवरचे छापे आणि लग्नाच्या पत्रिका. पोत्यांचं काम वर्षातून एकदा यायचं. म्हणजे दुकान जगणार ते पत्रिकांवर, आणि पत्रिकेवर गणपती लागतो.

आमचं घर बौद्ध. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यात गणपतीला देव मानणार नाही, पूजणार नाही हेही आलं. मास्तर म्हणून नोकरी करतानाही त्यांनी ते मोडलं नाही. शाळेत गणपती बसला की ते आरतीच्या वेळी मागच्या वर्गात जाऊन वह्या तपासत बसायचे. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन बाकावर पेपर वाचायचे. भिंतीवर बुद्धाचा फोटो त्यांनीच लावला होता. गिऱ्हाईक आत आलं की आधी फोटोकडे पाहायचं, मग माझ्याकडे. काहीजण नमुने चाळून 'येतो मग' म्हणून जायचे आणि यायचे नाहीत. ते फोटोमुळे गेले की माझा भाव जास्त वाटला म्हणून गेले, हे कधीच कळायचं नाही. त्या न कळण्यानंच मी जास्त पोखरलो जात होतो.

बाबांना मी सांगितलं होतं की मी फक्त मजकूर छापतो. गणपतीचं ट्रेसिंग टेबलाच्या खणात कागदाखाली दडवून ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं. बाबा नुसते खाकरले तरी माझा हात खणाकडे जायचा.

अशात सावलीकडच्या एका गावचे मोठे शेतकरी मुलीच्या पत्रिका छापायला आले. घरात भाऊबंद पुष्कळ, सोयरीक गावोगाव. ही पत्रिका लोकांना आवडली तर त्या सगळ्या घरांची कामं माझ्याकडे येणार होती, आणि नाही आवडली तर उन्हाळ्याआधी दुकानाला कुलूप. हा हिशेब मी जेवताना करायचो, आंघोळ करताना करायचो.

गणपती लाल, मजकूर हिरवा असं ठरलं. दोन रंग म्हणजे जाळीच्या दोन चौकटी. चित्राचं ट्रेसिंग चौकटीवर ठेवायचं, काच दाबायची, उन्हात धरायचं, धुवायचं, की जाळीत चित्र उमटतं. बाबा घरी गेले होते आणि ते परत यायच्या आत गणपती उरकायचा होता. त्या घाईत ट्रेसिंग पालथं पडलं. मजकूर पालथा पडला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गणपती पालथा पडला तर दिसतो गणपतीच. मला तरी तसाच दिसला. सगळ्या पत्रिका छापल्या, वाळवल्या, बांधल्या आणि देऊनही टाकल्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते शेतकरी गठ्ठे घेऊन परत आले. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता. बाबा बाकावर होते.

"पयली पत्रिका देवापाशी ठेवाले काढली, तं आमच्या बाईनं हात मांगं घेतला," शेतकरी म्हणाले. "उजव्या सोंडीचा छापला तुमी. हा कडक असते. याचं सोवळं आमच्यानं होत नाई. लग्नाच्या पत्रिकेवर हा कोणी घालते का?"

सोंडेला बाजू असते हेच मला ठाऊक नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. तिचा उपयोग आत्ता कळत होता.

मी काही बोलायच्या आत धाकट्या भावानं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "हे पाहा ना वर. यानं मुद्दाम केलं असन."

ज्याला मी वर्षभर भीत होतो ते हेच वाक्य. बाहेर पानठेल्यावरचे दोघंतिघं दाराशी येऊन उभे राहिले. चूक केली म्हटलं तर काम गेलं, आणि मुद्दाम केलं असं गावात पसरलं तर दुकानच काय, बाबांना रस्त्यानं चालणंही अवघड. शिवाय ते बाकावर बसूनच होते आणि 'फक्त मजकूर छापतो' हे माझं खोटं त्यांच्यासमोर गठ्ठ्यांनी पडलेलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. उठून एक पत्रिका उचलली आणि चष्मा वर करून चित्र जवळून पाहिलं.

"भाऊ," ते म्हणाले, "मलेबी यात चूक दिसत नाई. आमच्या घरी हा देव नाई. यानं जल्मापासून जवळून पाह्यलाच नाई, कारण मी पाहू देल्ला नाई. मुद्दाम कराले आधी माईत असा लागते. याले माईत नाई, तो दोष माह्या घरचा. मुद्दाम म्हणू नका."

दाराशी उभे असलेले हळूच पांगले. धाकटा भाऊ तेवढा पुटपुटत राहिला. शेतकऱ्यांनी त्याला बिडी आणायला पिटाळलं आणि खुर्ची ओढून बसले.

"मंग आता याले नीट काढाले लावा, गुर्जी. मी हाय इथीच."

मी कागद घेतला. "सोंड डावीकडं. पण देवाच्या डावीकडं की आपल्या?"

ते विचारात पडले. उजवा हात पाहिला, डावा पाहिला. मग उभे राहिले, टेबलाकडे पाठ केली, आपणच देव असल्यासारखे रस्त्याकडे तोंड करून डावा हात नाकापाशी नेला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अशी. त्याच्या डावीकडं." बाबांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात लपवलं. मी रेषा दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढली.

नव्या पत्रिका दोन दिवसांत झाल्या. शेतकऱ्यांनी एकेक गठ्ठा सोडून पाहिला आणि नेला. जुन्या माझ्या खोलीत राहिल्या. बाबा या सगळ्यावर मला एक शब्द बोलले नव्हते. मला वाटत होतं, आज म्हणतील, बंद कर.

तिसऱ्या सकाळी मी त्या जुन्या पत्रिका रद्दीत घालायला निघालो तर त्यांनी अडवलं.

"रद्दीत नको. दुकानदार पुडे बांधन. कोणाच्या पायाखाली आला, का पुन्हा आपलंच नाव. हे लोक नदीत सोडतेत."

गठ्ठे त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधले. मी मागे चालत गेलो. उमा नदीला फाल्गुनात पाणी थोडंच असतं, तरी वळणावर एक डोह होता. बाबा धोतर खोचून पाण्यात उतरले. सुतळी सोडून एकेक गठ्ठा पाण्याखाली धरायचे, भिजून जड झाला की सोडायचे. मी काठावर उभा होतो आणि फक्त त्यांच्या हातांकडे पाहत होतो. माझ्या पोटापायी हा माणूस आता हात जोडतो की काय, एवढीच भीती होती. त्यांनी जोडले असते तर मी दुकान त्याच दिवशी बंद केलं असतं.

शेवटचा गठ्ठा गेला. बाबांनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि वर आले.

"छापाच्या आधी मले दाखवत जा," ते म्हणाले. "सोंड कोणीकडं पायजे ते आता मले माईत झालं."